यादीची पहिली दोन पानं

"प्रशांत, माझ्या मुलांना जीवाश्म बघायला अठरा वर्षं पूर्ण असावी लागतात का?"

केरनने माझ्या टेबलावर एक कागद आपटला. केरन कोवाल्स्की आमच्या हायस्कूलची बायॉलॉजीची शिक्षिका. बावीस वर्षांची नोकरी, आवाज खणखणीत. कागदावर कॉम्प्युटरच्या स्क्रीनचा प्रिंट होता. लाल चौकट, आत लिहिलेलं: ही साइट बंद आहे, वर्ग: प्रौढांसाठी. खाली साइटचा पत्ता. तो एका नॅचरल हिस्टरी म्युझियमचा होता.

मी तेव्हा मिशिगनमध्ये नोव्हायच्या जवळच्या एका स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये नेटवर्क अ‍ॅडमिनिस्ट्रेटर होतो. आमचे बहुतेक मराठी मित्र गाड्यांच्या कंपन्यांत. मी एकटाच सरकारी शाळांचे कॉम्प्युटर सांभाळत होतो. वर्ष २००५.

"होईल दुरुस्त," मी म्हणालो. "दहा मिनिटं दे."

"दहा मिनिटांनी काय होणार? गुरुवारी माझी हिअरिंग आहे."

मग तिने सगळं सांगितलं. मुलांना साइट उघडेना, म्हणून तिने घरी पानं छापली आणि वर्गात वाटली. माशाचा पाय कसा होत गेला, त्याची चित्रं. एका पालकाने तक्रार केली की शाळेने प्रौढ म्हणून बंद केलेला मजकूर शिक्षिकेने बाहेरून आणून मुलांना दिला. तक्रार नियमाला धरून होती. फिल्टरने बंद केलेलं काही वर्गात आणायचं नाही, असं धोरणात स्पष्ट लिहिलेलं. शिक्षा म्हणजे सस्पेन्शन, आणि नोंद कायमची. अश्लील मजकूर वाटणारी शिक्षिका! अशी नोंद झाल्यावर तिला दुसरी कोणती शाळा उभी करणार होती?

फिल्टर म्हणजे काय ते सांगतो. शाळेतल्या प्रत्येक कॉम्प्युटरचं इंटरनेट एका डब्यातून जातं. त्या डब्यात बंद साइट्सची यादी असते. नाव यादीत असलं की लाल चौकट. केंद्र सरकारचे इंटरनेटचे पैसे हवे असतील तर शाळेला हा डबा ठेवावाच लागतो. मूळ यादी कंपनीकडून येते. आपल्याला हवी ती नावं आपणही वाढवू शकतो. म्हणजे मी वाढवू शकतो. पासवर्ड माझ्याकडे आणि बंद पाकिटात माझ्या बॉसकडे, एवढाच.

केरन गेली आणि माझ्या मनात पहिलं नाव आलं ते बॉसचंच.

डेल टेक्नॉलॉजी डिरेक्टर. उंच, मऊ बोलणारा, आपल्या चर्चमध्ये मोठ्या हुद्द्यावर. सँडविच उघडायच्या आधी डोळे मिटायचा. माणूस वाईट नव्हता. पहिल्या हिवाळ्यात माझी गाडी बर्फात रुतली तेव्हा स्वतः फावडं घेऊन आला होता. पण नोकरीच्या पहिल्याच दिवशी त्याने हसत विचारलं होतं, "मग, तुम्ही कुठल्या चर्चला जाता?"

हा प्रश्न माझ्या ओळखीचा होता. नागपूरला मी तो वेगळ्या शब्दांत लहानपणापासून ऐकला. "पूर्ण नाव काय म्हणालास, बेटा?" आडनाव ऐकलं की समोरच्याचं हसू तेवढंच राहायचं, फक्त पाण्याचा ग्लास यायला वेळ लागायचा. गोड बोलून माहिती काढणाऱ्या माणसाचा मला तेव्हापासून संशय येतो. मी डेलला म्हणालो, मी बौद्ध आहे. तो म्हणाला, "मी तुझ्यासाठी प्रार्थना करीन." चार वर्षं झाली, ती प्रार्थना कशासाठी होती हे मला कळलेलं नव्हतं.

त्यात निवडणुकीचे दिवस. आपल्याकडे शाळेत काय शिकवायचं ते सरकार ठरवतं. तिथे गावागावात स्कूल बोर्ड असतं, लोकांनी निवडून दिलेलं. सात माणसं. त्यात दाताचे डॉक्टर असतात, घरांचे दलाल असतात. त्या वर्षी तीन जागा रिकाम्या होत्या आणि एका मोठ्या चर्चच्या पार्किंगमध्ये दर रविवारी गाड्यांच्या वायपरखाली तीनच उमेदवारांची पत्रकं लागत. 'आपल्या मुलांच्या वर्गात देवाला परत आणू या.' तसंच पत्रक मी डेलच्या गाडीतही पाहिलं होतं.

मी लॉग उघडला. लॉग म्हणजे डब्याची स्वतःची डायरी. कोणी, कधी, काय बदललं, ते डबा आपोआप लिहून ठेवतो. ऑगस्टमधल्या एका मंगळवारी, दुपारी दोन चाळीसला, चारशे बारा नावं एकदम घातली होती. सगळी एकाच वर्गात, प्रौढांसाठी. घालणाऱ्याच्या रकान्यात युजरचं नाव होतं.

माझं.

पासवर्ड चोरला म्हणजे! मी ताबडतोब पासवर्ड बदलला. डेलच्या केबिनकडे बघत बसलो. तो फोनवर हसत होता. त्याचं ते हसणंही मला त्या दिवशी नको तसं वाटलं. पाकिटातला पासवर्ड वापरून, माझं नाव पुढे करून... किती सोपं. परका माणूस, व्हिसावरचा, वर धर्मही वेगळा. खापर फोडायला इतकं सोयीचं डोकं कुठे मिळणार?

मग ती तारीख पुन्हा वाचली. मंगळवार. दोन चाळीस. आणि मला केळ्याचा ब्रेड आठवला.

त्या दुपारी डेल एका बाईंना घेऊन माझ्याकडे आला होता. मिसेस लिंडा प्रुइट, पालकांच्या इंटरनेट सेफ्टी कमिटीच्या अध्यक्ष. माझ्या आईच्या वयाच्या. पांढरा स्वेटर, गळ्यात बारीक सोन्याचा क्रॉस, हातात फॉइलमध्ये गुंडाळलेला घरचा केळ्याचा ब्रेड. पर्समधून त्यांनी फ्लॉपी काढली. कमिटीने उन्हाळाभर खपून वाईट साइट्सची यादी केली होती.

"लोड करून टाक," डेल म्हणाला. "बाई थांबल्या आहेत." आणि तो निघून गेला.

बाई खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसल्या. मी फाइल उघडली. पहिल्याच ओळीला माझे कान तापले. ती नावं इथे लिहिता येणार नाहीत. एकापेक्षा एक. आणि शेजारी काकूंच्या वयाची बाई, त्यांच्या परफ्यूमचा वास येतोय इतक्या जवळ. आमच्या घरी टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली तरी बाबा उठून पाणी प्यायला जायचे. अशा घरातल्या मुलाने ती यादी एका वडीलधाऱ्या बाईच्या देखत एकेक ओळ करून वाचायची?

दोन पानं मी कशीबशी खाली सरकवली. तिसऱ्यावर डोळे स्क्रीनवर आणि लक्ष कीबोर्डवर. मग इम्पोर्टचं बटण दाबलं.

"भयंकर आहे ना?" बाई हळूच म्हणाल्या. "मला तर प्रत्येक नाव वाचावं लागलं, बाळा."

मी त्यांचे आभार मानले होते. ब्रेडचेही.

आता मी यादी पुन्हा काढली आणि दार लावून शेवटपर्यंत वाचली. चौथ्या पानापर्यंत घाण. पाचव्यापासून म्युझियम्स, पृथ्वीचं वय सांगणाऱ्या साइट्स, उत्क्रांतीचे धडे, मुलींच्या आरोग्याची माहिती देणारं एक क्लिनिक. शेवटच्या पानावर दुसरे धर्म. त्यात मी घरी वाचायचो ती धम्माची साइटही होती. वर्ग: प्रौढांसाठी. मला राग आला, आणि रागाहून जास्त लाज. माझ्याच हाताने मी ते बटण दाबलं होतं.

घरी बायकोला, सुजाताला, सांगितलं. ती पोळ्या लाटत होती.

"वाचलंच नाही तू? अरे यार, प्रशांत! काय करून राहिला तू तिथं?"

"त्या बाई शेजारी बसल्या होत्या ना."

"म्हणून? त्यांना लाज नाही वाटली लिहून आणायची, तुला वाचायची वाटली?" लाटणं थांबलं. "ग्रीन कार्डचं लेटर दिलं का डेलने?"

"त्याच्या टेबलावर आहे. सही व्हायचीये."

तिने तव्यावरची पोळी उलटली. मग म्हणाली, "उद्या आधी सगळ्याचे प्रिंट काढ. एक सेट घरी आण. मग बोल काय बोलायचं ते." वकिलाची मुलगी आहे.

प्रिंट काढले आणि डेलकडे गेलो. त्याने ऐकून घेतलं. उठून दार लावलं.

"यादी काढून टाक," तो म्हणाला. "आजच. गाजावाजा नको."

"आणि केरन?"

"तिला एक ताकीदीचं पत्र मिळेल. दोन वर्षांत रिटायर होतेय ती. तू कशाला स्वतःला मध्ये घालतोस?" मग थोडं थांबून, "तुझं इमिग्रेशनचं लेटर माझ्याकडे आहे, लक्षात आहे ना?"

ही धमकी होती की काळजी? मी त्याचा चेहरा बघत राहिलो. तोच मऊ चेहरा. आणखी एक प्रश्न मला छळत होता. घाण नावं वर आणि बाकीची खाली, हा क्रम कोणी सुचवला? हा माणूस दोन पानांच्या पुढे जाणार नाही, हे बाईंना कोणी सांगितलं? मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

यादी मी काढली नाही. ती गेली असती तर केरनकडे दाखवायला काहीच उरलं नसतं.

गुरुवारी हिअरिंगला डिस्ट्रिक्टचे वकील होते, केरन होती, पालकांच्या बाजूने मिसेस प्रुइट होत्या. डेल कोपऱ्यात. मी लॉग आणि यादी टेबलावर ठेवली.

"ही नावं कोणी घातली?" वकिलांनी विचारलं.

"मी."

"वाचून?"

"दोन पानं वाचली."

"दोनच का?"

"यादी देणाऱ्या बाई शेजारी बसल्या होत्या. आईच्या वयाच्या बाईसमोर असली नावं वाचायची मला लाज वाटली."

केरन फस्सकन हसली, आणि वकिलांनी पाचवं पान उघडलं. ते बराच वेळ वाचत होते.

"कमिटीत पुष्कळ जणांनी नावं दिली," मिसेस प्रुइट म्हणाल्या. "काहीतरी सरमिसळ झालेली दिसते." आणि माझ्याकडे बघून गोड हसल्या.

केरनवरची तक्रार त्याच दिवशी रद्द झाली. यादी निघाली. न वाचता बदल केल्याबद्दल माझ्या फाइलमध्ये ताकीद लागली, ती रास्तच होती. यापुढे बाहेरून आलेली कुठलीही यादी मीटिंगमध्ये वाचल्याशिवाय घालायची नाही, असा नियम झाला. शुक्रवारी माझ्या खणात डेलच्या सहीचं लेटर होतं. सोबत चिठ्ठी नाही, काही नाही. सहीखालची तारीख सोमवारची होती, म्हणजे मी त्याच्याकडे जाण्याच्याही आधीची. म्हणजे तो धमकी देत नव्हता? की तारीख मागाहून टाकली? मी अजून ठरवू शकलेलो नाही.

पुढच्या आठवड्यात निवडणूक झाली. पत्रकावरच्या तिघांपैकी एक, मिसेस प्रुइट, बोर्डावर निवडून आल्या.

जानेवारीत त्यांची नवी यादी आली. या वेळी रीतसर फॉर्म भरून, नऊ पानं. मीटिंगला त्या शेजारीच बसल्या. पांढरा स्वेटर, क्रॉस, टेबलावर फॉइलमधला ब्रेड. डेल मीटिंगची नोंद लिहायला.

मी शेवटचं पान उघडलं आणि मोठ्याने वाचायला लागलो. एकेक नाव, सावकाश, स्पेलिंगसकट. म्युझियम. क्लिनिक. म्युझियम. प्रत्येकानंतर विचारायचो, "हे का बंद करायचं, मॅडम?" आणि डेल उत्तर लिहून घ्यायचा.

"बाळा, सगळी वाचायची गरज आहे का?" पाचव्या पानावर त्यांनी विचारलं.

"नियम आहे, मॅडम. आणि पहिली चार पानं अजून यायची आहेत."

मी चौथ्या पानावरचं पहिलं नाव वाचलं. दुसरं वाचलं. माझे कान तापले होते, पण आवाज तेवढाच ठेवला. तिसऱ्याला बाईंनी फॉर्म मागे घेतला.

या धंद्यातली वीस वर्षांची अक्कल विचाराल तर एवढीच आहे. कोणी यादी आणून दिली तर शेवटच्या पानापासून वाचावी, आणि मोठ्याने वाचावी. ब्रेड मग खावा. त्या दिवशी मी दोन तुकडे खाल्ले. चांगला झाला होता.