पाय न टेकवता

भावोजी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी माहेरच्या गावी, तळ्याला होते. आमच्या सुपारीच्या वाडीतला गडी खिंड ओलांडून चालत आला, ओटीवर बसला, आणि पाणी पिऊन झाल्यावरच बोलला. दत्तू भावोजी, माझे धाकटे दीर, चार दिवसांच्या तापाने गेले होते. माझ्या भावाने पहिलं विचारलं ते हेच, "कुठल्या दगडावरून पडले?" गेल्या महिन्याभरात भेटायला येणाऱ्या प्रत्येकाने तेच विचारलं. कुठल्याही दगडावरून पडले नाहीत हो! माजघरात, खाटेवर, गोधडी पांघरून, काढ्याला नावं ठेवत गेले. ज्यांचं मरण साऱ्या गावाने खिंडीतल्या दगडांवर लिहून ठेवलं होतं, ते असे चारचौघांसारखे गेले, याचं त्यांना स्वतःलाच हसू आलं असतं.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा भावोजी मुंबईला मोटारी दुरुस्त करायच्या कारखान्यात होते. मामंजी वारले आणि वाडी सांभाळायला त्यांना परत यावं लागलं. आले ते एकटे नाहीत. मचव्यातून त्यांच्याबरोबर एक फटफटी उतरली. लढाईवरून परत आलेली, कुणा साहेबाने टाकून दिलेली, भावोजींनी एकेक भाग गोळा करून उभी केलेली. बंदरावर मासळी निवडत बसलेल्या कोळणी हातातलं काम टाकून भोवती जमल्या. एक म्हातारी म्हणाली, "आगो बाय, ह्यो खातो तरी काय?" भावोजी म्हणाले, "तेल पितो, आणि माझ्या वाट्याच्या शिव्या खातो." पुढची पंधराएक वर्षं हे शब्दशः खरं ठरलं. तेलाचे डबे रेवसहून यायचे, आणि शिव्या घरातूनच, विशेषतः आमच्या ह्यांच्याकडून.

बरं, फिरवायची तर ती सरळ किनाऱ्याकिनाऱ्याने फिरवावी. तिथे पुळण सपाट, माडांची सावली, बघणारे लोक. पण भावोजींची नजर पहिल्या दिवसापासून गावामागच्या खिंडीवर. आमच्या गावाहून तळ्याकडे जायचं तर एक तर मचव्याने खाडीतून, भरतीची वाट बघत, नाही तर ही खिंड चढून. वाट म्हणजे एका माणसाने चालावं एवढीच पायवाट. खाली सुटे गोटे, मध्ये काळा कातळ, आणि वर एका वळणावर कमरेएवढा धोंडा. त्याचं नाव सासूचा धोंडा, कारण हात टेकून वाकल्याशिवाय तो कुणाला पुढे जाऊ देत नाही. आमच्या सासूबाई म्हणायच्या, "नाव ठेवणारी सूनच असणार मेली."

या वाटेने भावोजी फटफटी चढवू लागले. चाकातली हवा थोडी कमी करायचे, म्हणजे रबर दगडाला धरतं. बसायचे नाहीत, पायांखालच्या दांड्यांवर उभे राहून अंगाचा सगळा भार पुढे टाकायचे. गुडघे फुटले, कोपरं सोलवटली, एकदा हात गळ्यात बांधून महिनाभर हिंडले. मी हळद लावताना रागवायची, तर म्हणायचे, "वहिनी, आज धोंड्यापर्यंत गेलो होतो." जसा काही काशीला जाऊन आलेला माणूस!

मी स्वतः त्या फटफटीवर बसले ती एकदाच. माझी आई फार आजारी असल्याचा निरोप आला. ओहोटी लागलेली, मचवा दुसऱ्या दिवसाशिवाय सुटणार नव्हता. मी रडत बसले होते. सासूबाई ओटीवर आल्या आणि म्हणाल्या, "बस दत्तूच्या मागं. लोकांचं तोंड मी बघते." त्या काळात दिराच्या मागे फटफटीवर बसून जाणारी सून... पण बसले. पहिल्या चढावर मी डोळे मिटून घेतले, तर भावोजी ओरडले, "वहिनी, डोळे उघडा! आणि दगडाकडे बघू नका. दगडाकडे बघितलं की चाक दगडावरच जातं. वाट बघा, वाट!" धोंड्यापाशी त्यांनी मला उतरवलं, पलीकडे पुन्हा बसवलं. जीव मुठीत धरून तळ्याला पोचले, तर आई पाठीशी उशी घेऊन वाल सोलत बसलेली. ताप सकाळीच उतरला होता. मी तिला मिठी मारून हसले की रडले, मला आठवत नाही. पण कातळावरून गाडी वर चढताना मला भीतीइतकाच आनंद झाला होता, आणि तेव्हापासून मी भावोजींना रागवणं सोडून दिलं.

पुढे त्यांनी मनाशी एक ठरवलं. खालच्या ओढ्यापासून खिंडीच्या माथ्यापर्यंत एकदा तरी पाय जमिनीला न टेकवता जायचं. झालं, गावाला करमणूक मिळाली. उतारावर गुरं वळणारी, लाकडं तोडणारी माणसं कान देऊन बसायची, आणि भावोजींचा पाय लागला रे लागला की वरून आरोळी यायची, "टेकलाऽऽ!" ती गावात ऐकू यायची. आमचे हे जेवता जेवता म्हणायचे, "टेकले बघ तुझे भावोजी. आमटी वाढ."

खरी अडचण मात्र धोंड्याची नव्हती. धोंड्याच्या वर, माथ्याच्या अलीकडे देवीची राई लागते. तिच्या हद्दीतून कुणीही बसून जात नाही. नवरदेव घोड्यावरून उतरतो. डोलीतलं आजारी माणूस असलं तरी त्याचा पाय क्षणभर मातीला लावतात, मगच डोली पुढे जाते. मग भावोजींचं कसं व्हायचं? लोक म्हणाले, देवीपाशी टेकलेला पाय मोजायचा नाही. पण भावोजी म्हणाले, "मी मोजणार." राईतून बसून जाऊ का, असा दर शिमग्याला ते कौल लावायला जायचे. गुरव देवीला दोन्ही बाजूंना ओल्या फुलाच्या पाकळ्या चिकटवायचा. उजवी आधी पडली तर देवीचं हो, डावी पडली तर नाही. दरवर्षी डावी पडायची. "आईला न्हाय आवडत तुझं धुडूम धुडूम," गुरव सांगायचा. भावोजी नमस्कार करायचे, नारळ ठेवायचे आणि घरी येऊन पुरणपोळी खायचे.

आणि गेल्या वर्षीच्या शिमग्याला उजवी पडली! गुरव स्वतः धावत आमच्या अंगणात आला. "व्हय म्हनली आई! व्हय म्हनली!" दुसऱ्या दिवशी सकाळी मी राईच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. आमचे हेही आले होते, लाकडं बघायला म्हणून. खालून आवाज येऊ लागला. गोट्यांवर तो अडखळायचा, पुन्हा धरायचा. धोंड्यापाशी आवाज चढला, चाक घसरल्याचं कळलं, आणि ह्यांनी माझा दंड घट्ट धरला. मग पुढचं चाक धोंड्यावर दिसलं, मागून भावोजी, दोन्ही पाय दांड्यांवर. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा! आता राईतली सावलीची वाट तेवढी राहिली होती. ती सपाट, मातीची, कुणीही गेलं असतं.

भावोजी हद्दीच्या दगडापाशी आले, गाडी थांबवली आणि पाय खाली टेकवला.

उतारावर बरीच माणसं होती. एकानेही आरोळी दिली नाही.

मला भयंकर राग आला. "अहो भावोजी, दिलंय ना देवीने?" ते चपला काढत होते. घामाने डबडबलेला चेहरा, आणि त्यावर लग्नघरातल्यासारखं हसू. "दिलंन् ना? झालं तर मग. आता तिच्या दारातून बसून कसा जाऊ? चला, धरा मागून." गाडी जड होती. एका बाजूने मी आणि दुसऱ्या बाजूने आमचे हे, ज्यांनी त्या फटफटीला जन्मात बोट लावलं नव्हतं, असे तिघं अनवाणी ती ढकलत गेलो. थोडा राग माझ्या मनात अजून आहे, खोटं कशाला बोलू. पण भावोजींसारखा तृप्त माणूस मी त्या सकाळी पाहिला तसा पुन्हा पाहिला नाही.

त्यानंतरही ते खिंड चढत राहिले, आणि मी माहेरी निघाले की राईपाशी माझ्यासाठी थांबायचे. धक्का मारायला माणूस हवं, म्हणायचे.

तो निरोप ऐकून गड्याबरोबर तळ्याहून परत येताना मी राईच्या तोंडाशी चपला काढल्या. पुढे गड्याच्या डोक्यावर माझं बोचकं होतं. वाटेवर ऊन-सावली पडली होती, आणि चार पावलं गेल्यावर लक्षात आलं, की मी वाकून, दोन्ही हात पुढे धरून चालते आहे.