फोड, सोल आणि दांड्यांमधला श्री

नात सध्या शाळेत कॉम्प्युटरचं शिकते आहे. परवा तिनं मला विचारलं, "आजी, तू खरंच सी भाषेत प्रोग्रॅम लिहायचीस?" त्यातला 'खरंच' असा होता, जणू मी तरुणपणी सर्कशीत झोके घेत होते असं म्हणाले. लिहायचे, म्हटलं. बोटींवर मेल पाठवणारा आख्खा प्रोग्रॅम होता आमचा. त्यातला मोठा भाग मुंबईच्या साहेबांनी लिहिला होता, हे काही मी तिला सांगितलं नाही. माझ्या वाट्याला होती ती हाताखालची फंक्शनं. स्वयंपाकात विळी, किसणी, चाळण असते ना, तशी. जेवणाऱ्याला दिसत नाहीत, पण त्यांच्याशिवाय पानात काही पडत नाही.

नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. रत्नागिरीत बोटींवर माणसं पाठवणाऱ्या एका एजंटच्या ऑफिसात मी नोकरीला होते. घर मांडवीला, नवरा बोटीवर, आणि डोकं आभाळात. सगळ्या ऑफिसात सी येणारी मी एकटी. नंबर नसताना चष्मा लावायचे, म्हणजे बघा.

आमच्याकडून मेल फोनच्या तारेवरून मुंबईच्या ऑफिसात जायची आणि तिथून उपग्रहावरून बोटीवर. एकेक अक्षर महाग. म्हणून मी 'सोल' नावाचं फंक्शन लिहिलं, ते मजकुराच्या दोन्ही टोकांची रिकामी जागा सोलून टाकायचं. 'जोड' नावाचं फंक्शन कुणाला, कुणाकडून आणि मजकूर अशा तीन गोष्टी एका ओळीत जोडायचं, मध्ये एकेक उभी दांडी घालून. आणि मुंबईच्या मशीनवर 'फोड' बसलेलं असायचं. ते दांडी दिसेल तिथं ओळ चिरायचं, आंब्याच्या फोडी कराव्यात तशी. पहिली फोड कुणाला, दुसरी कुणाकडून, तिसरी मजकूर.

"दांडीच का?" साहेबांनी विचारलं होतं.

"सर, ती कळ आयुष्यात कुणी दाबत नाही," मी खुर्चीत रेलून म्हणाले होते. वर आणि हसलेही होते. त्या हसण्याला आज एक चापट द्यावीशी वाटते.

ऑफिसची कामं इंग्रजीत चालायची, त्यामुळे फोड झकास चालत होतं. तपासून बघतानासुद्धा मी 'हॅलो, हाऊ आर यू' असंच टाइप केलं होतं. आमच्या मांडवीत कुणी कुणाला जन्मात हाऊ आर यू लिहिलंय? पण बाईंना कोण सांगणार! मग मालकांनी खलाशांच्या घरच्यांनाही मेल पाठवायला परवानगी दिली, आणि नेमकी तेव्हाच ह्यांची मेल आली. रोमन अक्षरांत मराठी. करार संपतोय, पण कप्तान म्हणतो आणखी काही महिने थांब. पुढच्या बंदरात बोट लागण्याआधी हो की नाही सांगायचंय. आईला विचार.

मला तेव्हा आठवा सरत होता. थोरल्याच्या वेळी हे समुद्रावर होते. परत आले तेव्हा तो चालायला लागला होता, आणि बापाला बघून शेजारच्या काकांच्या मागे जाऊन लपला होता. ह्यांनी हसून साजरं केलं, पण त्या दिवशी जेवले नाहीत. तसं पुन्हा होऊ नये एवढंच मला हवं होतं. पण 'या' असं लिहिलं असतं तर ती मी कसली! सासूबाईंशिवाय मला गत्यंतर नव्हतं.

सासूबाई ऑफिसात आल्या, ठेवणीतलं लुगडं नेसून. खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसल्या.

"घाल. वर मध्ये श्री घाल. दोन दांड्या अलीकडं, दोन पलीकडं."

"आई, मेलमध्ये नसतं हो ते."

"तुझ्या मेलीत नसंल. माझ्या पत्रात असतं."

मी दात-ओठ खात त्या चार दांड्या घातल्या. हो, तीच ती कळ, आयुष्यात कुणी दाबत नाही ती. आणि माझ्या डोक्यात काही म्हणता काही पेटलं नाही. मग त्यांनी सांगितलं, की तुझी बायको तोंडानं बोलायची नाही पण डोळे वाटेकडं लागलेत, कप्तानाला नाय म्हणून सांग आणि पहिल्या बोटीनं ये. मी लाल होऊन टाइप केलं आणि पाठवलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर हजर. "आईचा श्री मिळाला. तिनं शुभारंभच करून दिला म्हणजे होकारच समजतो. उद्या बंदर येईल, त्याआधी कप्तानाला कळवतो."

सासूबाईंना वाचून दाखवलं तर त्या माझ्याकडेच बघायला लागल्या. "काय गो, तू काय लिवलंस त्याला?"

"तुम्ही सांगितलं तेच!"

"मग तो श्रीच कसा वाचतो नुसता? पुढचं कुणी खाल्लं?"

मी आधी उपग्रहावर ढकललं. मग बोटीच्या मशीनवर. मग मुंबईच्या साहेबांवर. सगळं संपल्यावर कागदावर ती जोडलेली ओळ लिहून काढली आणि दांड्यांवर बोट ठेवत गेले. कुणाला, दांडी. कुणाकडून, दांडी. मग श्रीच्या अलीकडच्या दोन दांड्या. लागोपाठ दांड्या आल्या की फोड त्या सगळ्या एकाच घासात गिळायचं, आणि पुढे मिळालेला पहिला तुकडा मजकूर म्हणून घ्यायचं. तिसरी फोड, श्री. त्याच्या पुढच्या सगळ्या फोडी टाकून दिलेल्या. माझ्या सोलनं तर श्रीच्या आजूबाजूची जागाही काढून तो छान स्वच्छ करून बोटीवर पोचवला होता!

"आई, असं करू," मी म्हणाले, "आज श्री नको घालूया. बाकीचं तेच पाठवते, आत्ता जाईल."

सासूबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "शुद्धीवर हैस ना? बिनश्रीचं पत्र कधी जातं? कुणी गेल्याचं कळवायचं असलं तर. समुद्रावर एकटं माझं पोर, ते काय समजंल? पहिलं मनात तुझं नाव येईल त्याच्या!"

खरंच होतं ते. हे असे, की त्यांनी पुढची ओळसुद्धा वाचली नसती.

फोड सुधारायचं तर मुंबईच्या मशीनवर नवं बसवायला हवं होतं, आणि साहेब नेमके रजेवर. हातात होतं फक्त इकडचं जोड. पोट टेबलाला टेकत होतं, त्यामुळे कीबोर्ड मांडीवर घेतला. सासूबाई माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि मधूनमधून "झालं काय?" विचारत होत्या. मजकुरातली अक्षरं एकेक बघत जायचं, दांडी भेटली की तिच्या जागी इंग्रजीतला मोठा आय ठेवायचा. एवढंच. दिसायला दांडीसारखी दांडी, आणि फोडला तिच्याशी देणंघेणं नाही. चार ओळींचं फंक्शन. घाईत त्याला नावच सुचेना, म्हणून 'सासू' ठेवलं. दांड्यांवर नजर ठेवणारं.

"दांड्या हैत ना?" पडद्याकडे डोळे बारीक करून सासूबाईंनी विचारलं.

"आहेत की."

"जरा जाड दिसतात."

"मशीनच्या दांड्या तशाच असतात, आई."

त्यांनी 'बरं' म्हटलं, आणि मी कळ दाबली.

उत्तर संध्याकाळी आलं. कप्तानाला हो सांगून झालं होतं, पण हे पुन्हा जाऊन नाही सांगून आले होते. कप्तान म्हणे चिडला, की तुमच्याकडे सकाळी हो आणि दुपारी नाही असं कसं? ह्यांनी सांगितलं, "आईचं पत्र हप्त्याहप्त्यानं येतं." शेवटी माझ्यासाठी एक ओळ होती. ती मी सासूबाईंना वाचून दाखवली नाही, आणि तुम्हालाही सांगणार नाही.

हे आले तेव्हा दाढी वाढलेली, अंगाला डिझेलचा वास, आणि पिशवीत एवढाएवढासा स्वेटर, मांडवीच्या उकाड्यात! थोरला दाराआडून बघत होता. ह्यांनी त्याला हाक मारली नाही, नुसते ओटीवर बसून राहिले. बऱ्याच वेळानं तो आला आणि त्यांच्या बुटाच्या नाडीशी खेळायला लागला.

मुलगी झाली त्या दुपारी हे दवाखान्याच्या दाराबाहेरच होते. नर्सनं बाहेर येऊन विचारलं, "बाळाचे वडील आहेत का कुणी?" आत पडल्या पडल्या मला ऐकू आलं, सासूबाई ह्यांच्या आधीच ओरडल्या, "हाय तर! ह्यो काय, इथंच हाय!"