थोरल्या जाऊबाईंचा न घडलेला प्रवास

आमच्या थोरल्या जाऊबाई घराबाहेर पडतात त्या भाजीपुरत्या. दळण, दुखणी, मुलांच्या परीक्षा, एकामागून एक लागूनच आली. मोठे दीर लग्नापासून त्यांना समुद्र दाखवणार आहेत. त्यांचं "पुढच्या वर्षी" अजून उजाडायचंय.

तर या जाऊबाईंना मलेरिया झाला. थंडी अशी वाजली की खाट खडखडली. रक्ताचा रिपोर्ट आला आणि पाठोपाठ निरोप, आरोग्य खात्याच्या बाई चौकशीला येणार.

त्यांच्याआधी इमारतीचे सेक्रेटरी टपकले. "वहिनी, बाहेरगावी गेले होते असं सांगा. ताप इथलाच निघाला तर गच्चीवरच्या टाक्या उपसायला लावतील. माझ्याकडे पाहुणे यायचेत."

"पण मी गेले कुठे होते?"

"तुम्हाला आवडेल तिथे जा."

जाऊबाई उशीला टेकून बसल्या. "समुद्र चालेल?"

"पळेल."

दिवसभर त्या मनाने किनाऱ्यावरच. "शिंपले वेचले म्हणू का गं?"

"ताई, खोटं बोलू नये. बोललंच, तर निदान नटवू नये," मी म्हटलं. मनात म्हटलं, देवा, यांच्या जिभेवर खरं तेवढं ठेव.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या, मागोमाग सेक्रेटरी. "मावशी, गेल्या महिन्यात प्रवास झाला का कुठे?" बाईंनी विचारलं.

जाऊबाई बोलणार, तोच दारातून दीर खुशीत म्हणाले, "लिहा की, समुद्र. फिटलं माझं वचन एकदाचं."

जाऊबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. "कुठेच गेले नाही, असं लिहा. गेल्या महिन्यात नाही, त्याआधीही नाही."

"वहिनी," सेक्रेटरी खाकरले.

"तुम्ही गप्प बसा. असल्या फुकटच्या समुद्रावर मी यांना सोडायची नाही."

बाई हसल्या आणि बॅटरी घेऊन गच्चीवर गेल्या. मागच्या टाकीचं झाकण फुटलेलं. आत डासांच्या अळ्या पाण्यावर आडव्या पडलेल्या, जणू सुट्टीला आल्या होत्या. "ताप इथलाच," बाई म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत टाकी कोरडी झाली. सेक्रेटरी पाहुण्यांना फोनवर काय सांगत होते, ते मी मुद्दाम ऐकलं नाही.

आता जाऊबाईंचा ताप उतरलाय. गोळ्या दीर स्वतः देतात, न विसरता. काल पाण्याचा पेला पुढे करून त्यांनी हळूच विचारलं, "गाडीत तुला मळमळतं का गं?"

"मला काय माहीत," जाऊबाई म्हणाल्या.