चौकटीची रुंदी

बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात माझा तिसरा दिवस होता आणि मला एका जागी बसवत नव्हतं. दुपारी चारला आमचं तपासणी यंत्र स्वीकारल्याची सही व्हायची होती. कॅमेरा लोखंडी रिंगेचा फोटो काढतो, संगणकातलं ग्राफिक्स कार्ड त्यात तडा शोधतं. वेळ वाचावा म्हणून अख्खा फोटो कार्डात न पाठवता रिंगेपुरती चौकट तेवढी कॉपी करायची. तो भाग मी लिहिला होता.

आजवर हे काम डोळ्यांनी करणाऱ्या अक्का शेजारच्या टेबलावर बसत. इथल्याच, कन्नड मुलखातल्या जुन्या मराठी घरातल्या. अकराच्या सुमाराला त्यांनी यंत्राने पास केलेली एक रिंग माझ्यापुढे ठेवली.

"मॅडम, हिला तडा हाय."

"ओरखडा असेल, अक्का."

"ओरखड्यात नख अडकत न्हाई. लावून बघा की."

नख अडकलं.

रिंग पुन्हा यंत्रात ठेवली. पडद्यावरच्या फोटोत उजवीकडे तडा स्वच्छ दिसत होता आणि खाली हिरवा दिवा. लेन्स पुसली, उजेड वाढवला, प्रोग्रॅम बंद करून चालू केला. हिरवाच.

"स्वल्प सरका," म्हणत अक्कांनी रिंग पाव वळसा फिरवली. हातातली प्रत्येक रिंग त्या अशीच चार वेळा फिरवून बघतात. हिरवा. आणखी पाव. लाल. आणखी पाव. पुन्हा हिरवा.

"डाव्या अंगाला आलं तरच दिसतंय तुमच्या मशीनला. बाकी तिन्हीकडं आंधळं!"

चारातला एक. मी माझा प्रोग्रॅम उघडला.

चौकट कॉपी करताना सांगावं लागतं, कुठून सुरू, किती रुंद, किती उंच. उंची ओळींत सांगायची, रुंदी मात्र बाइटमध्ये. पूर्वी फोटोतला एक ठिपका म्हणजे एक बाइट होता, त्यामुळे रुंदी म्हणून ठिपक्यांचा आकडा दिला तरी चालून जायचं. मागच्या महिन्यात मी अचूकतेसाठी ठिपका चार बाइटांचा केला. सुरुवातीची जागा बदलली, एका ओळीवरून पुढच्या ओळीवर जाण्याची उडी बदलली, रुंदी तशीच राहिली. म्हणजे प्रत्येक ओळीचा डावीकडचा पाव भागच कार्डात पोचत होता. उरलेल्या जागेत यंत्र चालू करताना भरलेला नमुन्याच्या चांगल्या रिंगेचा फोटो बसून होता, आणि यंत्र त्याच्याकडे बघून पास म्हणत होतं. पडद्यावर दिसायचा तो मूळ फोटो. आणि आमच्या कोरमंगलाच्या ऑफिसात चाचणीसाठी तडा गेलेली रिंग एकच. तिच्यावर कुणीतरी मार्करने बाण काढलाय, सगळे तो वर ठेवूनच ती लावतात. तडा दर वेळी डावीकडे.

दुरुस्ती एका गुणाकाराची. दोन मिनिटांत झाली. मग ऑफिसात फोन केला. आमचा मालक पुण्याचा, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान.

"फिक्स झालं ना, मॅम? मग चारला सही घ्या."

"तीन दिवसांत पास केलेल्या रिंगा पॅक झाल्यात. गाड्यांच्या चाकांत जाणार आहेत त्या."

"ते नंतर बघू ना. आज सही हुकली तर ऑर्डर जाईल."

मी यंत्रापासून पाण्याच्या कूलरपर्यंत आणि परत अशा किती फेऱ्या मारल्या कोण जाणे. तहान मुळीच नव्हती. शेवटी कारखान्याच्या मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले आणि उभ्यानेच सांगितलं, "तीन दिवसांचे खोके बाहेर पाठवू नका. चूक यंत्राची नाही, माझी आहे." त्यांनी समोरचा सहीचा कागद उचलून ड्रॉवरमध्ये ठेवला.

चार वाजता अक्का आणि मी खोके उघडून बसलो होतो. मालकाचा फोन दोनदा येऊन गेला, मी उचलला नाही.

"घाई करू नका, मॅडम," अक्का म्हणाल्या. "तुम्ही दोनदाच फिरवताय."

पाचव्या खोक्यात त्यांचा हात थांबला. एक रिंग त्यांनी माझ्याकडे सरकवली.

"नख लावा."

लावलं. अडकलं. मी तिच्यावर लाल फुली मारली आणि पुढची रिंग उचलली.