मोठ्या बाई आणि रस्त्यावरचे चौघे

साताऱ्याच्या आमच्या इस्पितळात सगळे दोघांनाच घाबरत, पटकीला आणि मोठ्या बाईंना. त्यातली पटकी निदान एखादं वर्ष तरी रजेवर असे. बाई म्हणजे आमच्या मुख्य नर्स, मूळच्या वाईच्या. मी त्यांच्या हाताखाली नवखी होते. रोग्याची पेज त्या आधी स्वतः चाखत आणि अळणी लागली तर स्वयंपाक्याला वॉर्डात बोलावून रोग्याची माफी मागायला लावत. तापाशी त्या मोठ्याने बोलत. थर्मामीटर उजेडाकडे धरून म्हणत, "एकशे तीन? लाज नाही वाटत?" एका पेन्शनर सुभेदाराला ते आपल्यालाच वाटलं आणि त्याने पडल्या पडल्या सलाम ठोकला. बाईंनी तो ताठ मानेने स्वीकारला.

दुसरं महायुद्ध संपून वर्ष झालं असेल, तेव्हा वॉर्डबॉय, झाडूवाले आणि स्वयंपाकी यांच्या युनियनने संप केला. आठवड्याला एक सुट्टी, एवढीच मागणी. आम्हा नर्सेसची संघटना वेगळी, त्यामुळे आम्ही कामावर होतो. मोठ्या डॉक्टरसाहेबांचा हुकूम आला की संपवाल्यांची सगळी कामं नर्सेसनी करायची, नाही तर घरी जायचं. मी पार घाबरले. बाईंनी मात्र कागदाच्या दोन बाजूंना दोन याद्या लिहिल्या. रोग्याला खाऊ घालणं, त्याचं अंग पुसणं, शौचाचं भांडं देणं, त्याच्या खाटेखालचं झाडणं हे आपलं. व्हरांडा, बाग, साहेबांच्या बंगल्यावरचं पाणी हे बाहेर बसलेल्यांचं.

"मग हे आज कोणी करायचं?" साहेबांनी विचारलं.

"ज्यांचं आहे ते फाटकाबाहेर बसलेत. फार लांब नाहीत, विचारून बघा," बाई शांतपणे म्हणाल्या.

पहिले दोन दिवस आम्ही पेज शिजवली, चादरी उकळल्या आणि हात सोलून घेतले. तिसऱ्या दिवशी दुपारी कडेगावकडची एक बाळंतीण आली, दोन दिवस अडलेली, अंगात त्राण नाही. ऑपरेशनची खोली माडीवर. आम्ही तिघींनी स्ट्रेचर उचललं आणि चौथ्या पायरीवर माझे हात सुटायला लागले. कसंबसं खाली आणून व्हरांड्यात ठेवलं. बाई तडक फाटकाशी गेल्या. मी मागोमाग.

संपवाल्यांचा पुढारी धोंडिबा उठून उभा राहिला. "आवं बाई, आमी आत आलो तर संप मोडला म्हंत्याल. बाकीच्यास्नी काय सांगू?"

"संप मोडा असं मी म्हणत नाही. मोडलात तर मलाच वाईट वाटेल. पण रस्त्यावरच्या कोणाही माणसाला मी हाक मारलीच असती. तुम्ही रस्त्यावरच आहात ना?"

धोंडिबाने व्हरांड्यात कण्हणाऱ्या त्या पोरीकडे पाहिलं. मग त्याने छातीवरचा युनियनचा बिल्ला काढून शेजाऱ्याच्या हातात दिला. आणखी तिघांनी तेच केलं. चौघांनी स्ट्रेचर अलगद माडीवर नेलं, दाराशी ठेवलं आणि पुन्हा फाटकाबाहेर जाऊन बिल्ले लावले.

"संप फुटला म्हणायचा," साहेब खूश होऊन म्हणाले.

"छे. रस्त्याने जाणारे चौघे होते. घाईत नावं विचारायची राहिली."

तासाभराने वरून मूल रडल्याचा आवाज आला. बाळंतीणही वाचली. मी जिन्यातच बसून रडले आणि बाहेर फाटकाशी कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

दोन दिवसांनी सुट्टी मंजूर झाली. धोंडिबा आत आला तेव्हा व्हरांड्यात पाचोळ्याचा थर साचलेला होता. बाई म्हणाल्या, "तुमचं काम तसंच ठेवलंय. कोणाला हात लावू दिला नाही." त्याने त्या पाचोळ्याकडे पाहिलं. "लय उपकार झालं, बाई," एवढंच म्हणाला आणि झाडू घ्यायला गेला. आम्हा कोणाचीच नोकरी गेली नाही. इतकं हलकं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

पुढल्या वर्षी बाईंची सांगलीला बदली झाली. भेटायला ये म्हणून त्यांनी दोनदा पत्र लिहिलं. सांगली काही परदेशात नव्हती. पण कधी माझी रजा जुळली नाही, कधी लेकरं आजारी पडली, आणि मग पत्रं यायची थांबली. आजही एखाद्या कठीण दिवशी वाटतं, त्यांना जाऊन विचारावं, यातलं माझं काम कुठलं.