बीएस्सीनं वाचलेली गोळी

आमच्या घरात इंग्रजीत लिहिलेलं काहीही आलं की ते आधी माझ्यापुढं यायचं. लाइटचं बिल, वडिलांच्या ऑफिसातला मेमो, खोकल्याच्या बाटलीसोबतचा कागद, शेजारणीच्या जावयाचं दुबईहून आलेलं पाकीट. वडील शिपाई होते, सहीपुरतं लिहायला शिकलेले. आईचा अंगठा. मोठा भाऊ, म्हणजे दादा, दहावीला दोनदा बसला आणि उठला. नांदेडकडून हैद्राबादेत आलेल्या आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली आणि बीएस्सी झालेलीही पहिलीच. हे सांगताना आजही माझी मान जरा वर होते. होऊ दे. फुकट नाही मिळालेलं.

वाचायची एक रीतच पडली होती. कागद माझ्या हातात द्यायचा, सगळ्यांनी गप्प बसायचं, मी मनात वाचायचं आणि मग एका वाक्यात सांगायचं. माझं सांगून झालं की वडील म्हणायचे, "झालं. वाचलं." त्यानंतर कुणी दुसऱ्यांदा विचारायचं नाही. बरकतपुऱ्याच्या आमच्या मागच्या गल्लीतली माणसंसुद्धा दारात येऊन "बीएस्सी हाय का घरी?" असं विचारायची. त्या सगळ्या वर्षांत "मला माहीत नाही" असं मी एकदाही म्हटलं नाही. सगळंच माहीत होतं म्हणून नाही. एकदा तसं म्हटलं की पुढचा कागद आपल्याकडं येणार नाही, असं वाटायचं म्हणून.

मागच्या महिन्यात एका रविवारी दुपारी दादाकडं गेले होते. शनिवारी त्याचं डायलिसिस असतं, त्यामुळं रविवारी तो दिवसभर पलंगावर असतो. त्याच्या मुलीनं टीव्हीवर एक फिल्म लावून दिली. "पप्पा, सायकलवाल्यांची आहे, बघा," म्हणाली आणि क्लासला निघून गेली. फिल्म खरीखुरी होती, गोष्टीतली नव्हे. परदेशातले मोठमोठे सायकलपटू खुर्चीत बसून सांगत होते, काय घेतलं, कुणी दिलं, तपासणीला कसं चकवलं. सगळं इंग्रजीत. दादा म्हणाला, "वाच गं जरा. काय म्हणायलेत ते सांग."

मी खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि सांगायला लागले.

आमची स्वतःची गोष्ट बाजार खुला झाला त्या वर्षांतली. आमच्या गल्लीत डिश आली, कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडं नव्या कोल्याची लाल पेटी आली, आणि वडिलांच्या ऑफिसात माणसं कमी करणार म्हणून कुजबुज सुरू झाली. सरकारी कारखाने माणसांना पैसे देऊन घरी पाठवत होते. तशात एका मोठ्या सरकारी कारखान्यानं खेळाडूंच्या कोट्यात सायकलसाठी दोन जागा काढल्या. सगळे म्हणत होते, ही शेवटची भरती, पुढं कोटा राहत नाही. दादा तेव्हा एका बुकबाइंडरकडं रोजावर होता, आणि सायकल मात्र अशी चालवायचा की रस्त्यावरचे लोक थांबून बघायचे. वडिलांना रिटायर व्हायला वर्षभर उरलं होतं. दोनपैकी एक जागा दादाला मिळाली नाही तर घर कशावर चालणार, हे कुणी बोलत नव्हतं. बोलायची गरजच नव्हती.

त्याला तयार करायचे ते उस्ताद. त्यांचं सायकल रिपेअरचं दुकान होतं, तरुणपणी स्वतः रेस मारलेले. हाताखाली सहा-सात पोरं. रोज सकाळी ते त्यांना कुकटपल्लीच्या पुढं मुंबई हायवेवर घेऊन जायचे, स्वतः स्कूटरवर मागं, तोंडात शिटी. माणूस वाईट नव्हता. हे मी मुद्दाम लिहिते, कारण वाईट असता तर सगळं सोपं झालं असतं.

मार्च सुरू झाला तेव्हा दादा एकदा दुपारी जेवायला घरी आला आणि गोळ्यांची एक स्ट्रिप त्यानं माझ्यापुढं टाकली. बारीक पिवळ्या गोळ्या. "उस्ताद देणार हायत सगळ्यांना. ताकदीच्या हायत म्हणे. आई म्हणती आधी तुला दाखव."

आई पोळी लाटायची थांबली. वडील त्या दिवशी घरीच होते, त्यांनी ताट बाजूला सारलं. मी स्ट्रिप उलटी केली. मागं पंधरा अक्षरांचं एक इंग्रजी नाव होतं. ते मी आजही पाठ म्हणू शकते, पण इथं लिहीत नाही. त्याखाली लाल अक्षरात काहीतरी होतं, पण कापलेल्या कडेला अर्धं तुटलेलं. नावाचा उच्चार मला जमला. त्याच्या शेपटावरून रेणूत काय असेल याचा अंदाजही आला, तेवढं कॉलेजात शिकवलं होतं. पण ते शरीरात जाऊन काय करतं हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नव्हतं, एवढंच.

तिघं माझ्या तोंडाकडं बघत होते.

"व्हिटॅमिनसारखंच आहे," मी म्हटलं. "घे."

"झालं. वाचलं," वडील म्हणाले. आईचं लाटणं पुन्हा चालू झालं.

पंधरा दिवसांत दादा बदलला. आधी बरंच वाटलं. रोजावरून आला तरी दमलेला नसायचा, उस्तादांच्या घड्याळावर त्याची वेळ दर आठवड्याला कमी होत होती. मग हळूहळू दुसरं दिसायला लागलं. जेवणाचं ताट तसंच राहायचं. बसल्या बसल्या दात खायचा, जबड्याचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत यायचा. ओठ फुटलेले, पण पाणी दिलं तर म्हणायचा, "तहानच नाही गं." बोलता बोलता मध्येच चिडायचा. एकदा सायकलच्या चेनला तेल घालत बसला तो दोन तास घालतच बसला. आई म्हणाली, "पोराला दिष्ट लागली." तिनं मीठमिरच्या ओवाळून टाकल्या. वडिलांना हे असलं ओवाळणं पटत नसे, पण त्या दिवशी त्यांनी तिला अडवलं नाही.

एप्रिलमध्ये मला कुकटपल्लीकडच्या एका औषध कारखान्यात तपासणीच्या लॅबमध्ये ट्रेनी म्हणून काम मिळालं. पांढरा कोट मिळाला. पहिल्या दिवशी तो मी घरी घालून आले आणि आईनं गल्लीभर फिरून लोकांना दाराशी बोलावलं. लॅबमध्ये एक जाड पुस्तक होतं, औषधांची नावं आणि खाली त्यांची सगळी माहिती. मे महिन्यातल्या एका रविवारी त्या दोन जागांसाठी ट्रायल-रेस होती. तिच्या चार दिवस आधी, बुधवारी, जेवणाच्या सुट्टीत मी ते पंधरा अक्षरांचं नाव त्यात शोधलं.

सापडलं. थकवा जाणवू देत नाही. भूक मारतं. हृदयाचे ठोके वाढवतं. आणि पुढं, ऊन आणि कष्ट एकत्र आले तर शरीर तापतं आणि तापल्याचं कळत नाही, असं सरळ लिहिलं होतं. मी ती ओळ दोन-तीनदा वाचली. मला ती पूर्ण समजली, हेच वाईट.

संध्याकाळी दादा अंगणात सायकल उलटी करून चाक फिरवत बसला होता. मी त्याच्याजवळ जाऊन उभी राहिले. पाठ करून आले होते: दादा, मला तेव्हा माहीत नव्हतं. एवढंच म्हणायचं होतं.

"दादा, त्या गोळ्या जरा कमी कर."

"का?"

"ऊन वाढलंय."

तो हसला. "ओ मॅडम, कोट मिळाला तर डॉक्टर झालीस का? तूच वाचलीस ना? आता रविवार झाला की बंद. सगळे घ्यायलेत. मी एकट्यानं नाही घेतली तर मी सहावा येतो. सहाव्याला काय मिळतं सांग?"

दुसऱ्या दिवशी उस्तादांच्या दुकानावर गेले. ते पंक्चर काढत होते, ट्यूब पाण्यात दाबलेली.

"उस्ताद, वो गोली बंद करो."

"कायकू बहन?" त्यांनी वर बघितलं. "बच्चा बोला, मेरी बहन बीएस्सी है, पढ के बोली अच्छी है बोलके. तभी तो मैं सब बच्चों कू चालू करा. अपने कू क्या समझता अंग्रेजी?"

पाण्यात बुडबुडे यायला लागले. त्यांनी भोकावर बोट ठेवलं. त्या दुकानात उभं राहून मला कळलं की माझ्या एका वाक्यावर सहा-सात पोरं हायवेवर चाललीत. तरीही मी म्हटलं, "जास्त मत दो, बस." आणि निघून आले.

ट्रायल सकाळी सातला सुरू होणार होती. कारखान्याचे साहेब यायला उशीर झाला. पोरं साडेदहापर्यंत रस्त्याच्या कडेला सायकली धरून उभी. मे महिना. वीस किलोमीटर जायचं, तिथं ठेवलेल्या डांबराच्या ड्रमला वळसा घालून वीस किलोमीटर परत. एकेक मिनिटानं एकेक जण सोडायचा. मी ड्रमपाशी पाण्याची बाटली आणि ओला टॉवेल घेऊन थांबले होते. ट्रायलला न बसलेल्या उस्तादांच्या एका पोरानं मला स्कूटरवर तिथं आणलं होतं आणि तोही तिथंच थांबला होता.

पहिली चार-पाच पोरं घामानं भिजून आली. हात पुढं करायची, पाणी डोक्यावर ओतून घ्यायची. मग दादा आला. लांबूनच ओळखला, पाठ एकदम आडवी, डोकं हलत नव्हतं. जवळ आला तेव्हा दिसलं, त्याच्या अंगावर घाम नव्हता. एक थेंब नाही. तोंड लालबुंद आणि चुलीवरून काढलेल्या तव्यासारखं कोरडं. मी बाटली पुढं केली. "दादा, पाणी!" त्यानं माझ्याकडं बघितलं. मी कोण आहे हे त्याला कळलं नाही. ड्रमला वळसा घालून तो निघून गेला.

घड्याळाच्या हिशोबात तो दुसरा आला. नंतर कळलं, शेवटच्या रेघेपुढं शंभर पावलं जाऊन थांबला आणि हँडल सोडेना. उस्तादांनी आणि दोघांनी मिळून त्याची बोटं एकेक करून सोडवली. मी स्कूटरवरून पोचेपर्यंत त्याला रिक्षात घातला होता.

सरकारी दवाखान्यात त्याच्या अंगावर बर्फाच्या पिशव्या ठेवल्या. आई-वडील आले. ड्यूटीवरची डॉक्टर माझ्याच वयाची असेल. ती तेलुगूत, मग हिंदीत विचारायला लागली. "क्या लिया था? कुछ गोली? इंजेक्शन?"

उस्ताद भिंतीकडं बघत होते. आई म्हणाली, "व्हिटॅमिन, डॉक्टरीणबाई. माझ्या लेकीनं वाचून दिलंय."

डॉक्टर माझ्याकडं वळली. माझ्या अंगावर पांढरा कोट नव्हता, पण मी तो घातल्यासारखी सरळ उभी राहिले. नाव माझ्या जिभेवर होतं, पंधराच्या पंधरा अक्षरं. नाव सांगितलं तर ते केसपेपरवर जाणार, कारखान्याला कळणार, दुसरा नंबर गेला, जागा गेली. असं मी स्वतःला अनेक वर्षं सांगत आले. ते खरंही होतं. पण त्याच्या आधी, त्या क्षणी, मला दिसले ते वडील. ते माझ्याकडं बघत होते. मी वाचलेलं ऐकायला बसायचे तसेच.

"यस. ओन्ली व्हिटॅमिन," मी इंग्रजीत म्हटलं.

"झालं," वडील हळूच म्हणाले.

दादा पाचव्या दिवशी घरी आला. महिन्याभरानं कारखान्याची ऑर्डर आली. तीही मीच वाचली. गल्लीत पेढे वाटले.

आणि रविवारनंतर गोळी बंद झाली नाही. का होईल? नोकरी सायकलवर मिळालेली, कारखान्याच्या नावानं रेसा मारायच्या, नंबर आणायचा. आणि ती साधं व्हिटॅमिन असल्याचं तर दवाखान्यात, डॉक्टरसमोर, इंग्रजीत सिद्ध झालेलं. चार सीझन त्यानं ती घेतली. दोन वेळा पुन्हा असाच पडला. दर वेळी लघवी कोल्याच्या रंगाची व्हायची, दर वेळी आई म्हणायची, उष्णता. पुढं सायकल सुटली, त्याला कारखान्याच्या स्टोअरमध्ये बसवलं, लग्न झालं, मुलगी झाली. पन्नाशीच्या आत मूत्रपिंडं गेली. डॉक्टर म्हणाले, जुनं नुकसान आहे, कशामुळं ते आता सांगता येत नाही. मी शेजारीच उभी होते. तेव्हाही गप्प.

तर फिल्म चालू होती. मी सांगत होते, तो ऐकत होता. मधूनमधून हसायचा. "आमची तपासणीच कुठं होती गं, नाहीतर आम्हीही चकवलं असतं." एक जण सांगत होता की डॉक्टर म्हणाला म्हणून घेतलं. दादा म्हणाला, "बरोबर हाय. त्याला काय कळणार."

मग एक म्हातारा माणूस आला. तो त्या सायकलपटूंच्या संघाचा डॉक्टर होता. त्यानं चष्मा काढला, पुसला आणि काहीतरी बोलला. वाक्य लहान होतं. मी थांबले.

"काय म्हणाला?"

मी म्हटलं, "म्हणतो, त्या पोरांना मी सांगितलं होतं की यात काही धोका नाही. मला तेव्हा माहीत नव्हतं. नंतर कळलं, तेव्हाही मी सांगितलं नाही. दवाखान्यातसुद्धा नाही."

दादानं टीव्हीकडं बघितलं. तो माणूस केव्हाच पडद्यावरून गेला होता, तिथं घाटातला रस्ता होता, सायकली वर चढत होत्या. त्यानं रिमोट उचलला आणि आवाज बंद केला.

"एवढं सगळं बोलला तो?" दादानं विचारलं. "एवढ्याशा वाक्यात?"

"नाही," मी म्हटलं. "दवाखान्याचं मी बोलले. आधीचंही माझंच."

तो माझ्याकडं बघत राहिला. ड्रमपाशी बघितलं होतं तसंच, फक्त या वेळी मी कोण आहे हे त्याला कळत होतं. मनगटावरच्या सुईच्या पट्टीवरून त्यानं अंगठा फिरवला, एकदा, दोनदा.

"ते नाव पाठ हाय तुला अजून?"

"हो."

"सांग."

मी सांगितलं, सगळी अक्षरं, सावकाश. तो ओठ हलवत माझ्यामागं म्हणत गेला, पहिली-दुसरीतलं पोर म्हणतं तसं. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा बरोबर आलं. मग तो भिंतीकडं कूस करून झोपला, आणि संध्याकाळी त्याची मुलगी येईपर्यंत त्यानं माझ्याकडं तोंड वळवलं नाही. तिनं बूट काढता काढता विचारलं, "आत्या, कशी होती फिल्म?"

दादा भिंतीकडंच बघत म्हणाला, "तिला विचार. तिनं वाचलीय."