अंगठा तिच्या यादीतला

माझी धाकटी जाऊ आणि मी एकाच दवाखान्यात नर्स. मी ड्रेसिंगच्या खोलीत, ती घरोघरी फिरणारी. साखरेच्या आजारानं चिघळलेले पाय वीस वर्षं माझ्या हाताखालून गेले. तेव्हा दर ड्रेसिंगमागे दवाखान्याला पैसे मिळायचे, त्यामुळे माझ्या दाराशी रांग आणि माझा तोरा काय विचारता!

मग नियम बदलला. पाय बरा झाला आणि पेशंट पुन्हा मोठ्या इस्पितळात गेला नाही, तरच पैसे. तेही सगळ्यांचे मिळून. ऐकायला छान, पण दवाखान्यातल्या फळ्यावर बऱ्या झालेल्या पायापुढे नाव एकीचंच लागायचं, पेशंट जिच्या यादीत तिचं. पायाला जखमच होऊ नये म्हणून लोकांच्या चपला तपासत हिंडणारी ही बया पहिली, आणि मी रिकाम्या खोलीत गॉज कापत बसलेली. सासूबाई जेवताना म्हणायच्या, "धाकटीनं नाव काढलं हो." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एका मंगळवारी सुतारकाका आले. तिच्या यादीतले.

"पायाचा अंगठा सांभाळा सिस्टर," ते म्हणाले. "रंधा मारताना फळी ह्यानंच दाबून धरतो मी."

पट्टी सोडली तर अंगठ्याखाली मसुराएवढा काळा डाग. असा डाग मी झोपेतही ओळखीन. लगेच डॉक्टरांना दाखवायचा आणि यादीवालीला फोन करायचा, अशी रीत. मी फोन उचललाही. समोरच फळा होता. तिच्या नावापुढे बारा, माझ्यापुढे दोन. 'तिचा पेशंट, शुक्रवारी ती त्यांच्या घरी जाणारच आहे, बघेल,' असं म्हणून फोन ठेवला. कार्डावर लिहिलं, 'ड्रेसिंग केले.' त्यात खोटं काहीच नव्हतं.

शुक्रवारी ती गेली, तोवर अंगठा पुरता काळा पडला होता. इस्पितळात तो कापावा लागला.

सोमवारी मीटिंगमध्ये डॉक्टरांनी कार्ड काढलं. तेवढ्यात ती उठून म्हणाली, "ताईंनी पाहिला तेव्हा ठीकच असणार. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. मीच मधे एकदा जायला हवं होतं. चूक माझी आहे."

फळ्यावर ती तिसरी झाली. तरी डॉक्टर म्हणाले, "इतक्या सरळ कबूल करणारी माणसं कुठं मिळतात?" सगळ्यांनी माना डोलावल्या.

माझी चूक तिनं स्वतःच्या नावावर घेतली होती, आणि तेव्हाही मला तिचा हेवाच वाटला.